पाठमोरी

कॉलेज सुटलं की कलाशाळा भरायची. दुपारपर्यंत ज्या खोलीत पदार्थविज्ञानाचे तास चालत, तिथली बाकं संध्याकाळी भिंतीला लागत आणि चित्रकलेचे स्टँड मांडले जात. ग्रंथालयामागच्या खोलीत पियानो, तिच्या खालच्या तळघरात नाच, आणि मातीकाम जिन्याखाली, कारण पाण्याचा नळ तिथेच होता. कॉलेज मिशनचं, पण कलाशाळा सगळ्या गावाची. कोणत्याही वयाच्या, कोणत्याही धर्माच्या माणसाने यावं आणि शिकावं, असं ती सुरू करणाऱ्यांनी ठरवून ठेवलं होतं.

या शाळेची ती संचालिका. शिक्षणाने चित्रकार, पण आता दिवसभर तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा असे आणि कानात तक्रारी. पियानोवाले म्हणायचे, खालून नाचणाऱ्यांचे पाय ऐकू येतात. नाचवाले म्हणायचे, आम्हाला आमचेच पाय ऐकू येत नाहीत, पियानो थांबवा. मातीकामवाल्यांनी तर बेसिन इतक्या वेळा तुंबवलं होतं की कॉलेजचा प्लंबर तिला लांबून बघितलं तरी रस्ता बदलायचा.

एके दिवशी चित्रकलेचे सर तिच्या केबिनमध्ये आले आणि न बसताच म्हणाले, "मॅडम, माझे विद्यार्थी प्लास्टरचा पाय आता डोळे मिटून काढतात. प्लास्टरचं डोकं आहे, त्याचं नाक मी यायच्या आधीपासून तुटलेलं आहे. इथून पुढे जिवंत माणूस समोर बसल्याशिवाय शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

सर उगीच बोलणाऱ्यांतले नव्हते. ती प्राचार्यांकडे गेली. प्राचार्यांना सगळे नुसते फादर म्हणत. उंच, किडकिडीत, ऐकताना डोळे मिटून घ्यायची सवय. नव्या माणसाला वाटावं झोपले.

"जिवंत माणूस," ते डोळे मिटूनच म्हणाले. "किती कपड्यांतला?"

"तुम्ही म्हणाल तितक्या."

फादर हसले. "माणसाचं शरीर देवाने घडवलंय, हे मला कोणी सांगायची गरज नाही. पण प्रत्येक पालकाला ते मी सांगत बसू शकत नाही. अंगभर कपडे असू देत. बसणारं माणूस वयस्कर असू दे. आणि वर्गाचं दार उघडं ठेवा, म्हणजे कुजबूज व्हायला जागा नको."

तिला या अटी जाचक वाटल्या नाहीत. चित्रासाठी समोर बसायला माणूस हवा, अशी सूचना फलकावर लागली. तिला उत्तर म्हणून एक निवृत्त व्यायामशिक्षक आले. छाती फुगवून उभे राहिले ते श्वास सोडायलाच तयार नव्हते. थोड्या वेळाने चेहरा लाल झाला, छाती खाली आली, आणि सगळ्यांना चित्र खोडून पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

रात्रीच्या जेवणाला तिने हे घरी सांगितलं. नवरा ठसका लागेपर्यंत हसला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना 'हे दिसतं का, आता दिसतं का' विचारून आलेला माणूस, त्याला हसायला निमित्त लागायचं. सासूबाई हसल्या नाहीत. भाताचा घास तसाच ठेवून म्हणाल्या, "मी येऊ का?"

दोघंही त्यांच्याकडे बघत राहिली.

"घरी बसलेलीच असते ना दिवसभर? तिथे येऊन बसेन."

सासूबाईंच्या पाठीला लहानपणापासून कुबड होतं. पण हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नसे. त्या कायम शाल पांघरत, उन्हाळ्यातसुद्धा. खोलीत शिरल्या की आधी भिंत शोधत आणि तिला पाठ लावून बसत. घरातल्या प्रत्येक फोटोत त्या कडेला, कोणाच्या तरी खांद्यामागे. नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. तिथून माणसाचा आवाज तेवढा लोकांपर्यंत जातो. सासरे गेल्यापासून तर घराबाहेर पडणंही कमी झालं होतं.

सासू-सुनेचं भांडण म्हणून कधी झालं नव्हतं. भांड्याला भांडं लागतं म्हणतात, पण त्यासाठी भांडी एकमेकांजवळ तरी असावी लागतात. इथे दोघी एकमेकींशी इतक्या जपून वागत, की लग्नाला इतकी वर्षं होऊनही सुनेने त्या पाठीकडे कधी धड बघितलेलं नव्हतं. न बघणं हाच मान, अशी तिची समजूत.

"आई, अगं अनोळखी माणसं तुझ्याकडे टक लावून बघत बसणार," नवरा म्हणाला.

"मग? बघायलाच जातात ना तिथे?"

सुनेच्या मनात आलं, लोक म्हणतील घरचीच माणसं आणून बसवली. पण दुसरं कोणी येत नव्हतं, आणि सासूबाईंनी आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. ती हो म्हणाली.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी खुर्ची कपाटाला टेकवून घेतली आणि बसल्या त्या बोलतच सुटल्या. कोण कुठला, घरी कोण कोण, चौकशी संपेना. शेवटी सर म्हणाले, "आजी, आम्ही ओठ काढतोय. ओठ जरा एका जागी राहू देत." वर्ग हसला, आजीही हसल्या, आणि मग मात्र गप्प बसल्या. बसायचं कसं ते त्यांना चांगलं कळत होतं. वर्गात एक नर्स होती, एक बेकरीवाला होता, दोन-तीन गृहिणी होत्या, आणि एक बस ड्रायव्हर होता. हा ड्रायव्हर धिप्पाड, त्याच्या हातात पेन्सिल म्हणजे काडी वाटायची. त्याची चित्रं सगळ्यांत वाईट असत, पण तो इतका जीव ओतून खोडायचा, की कागद फाटायला यायचा.

घरी रात्री बोलायला विषय आला. "आज माझ्या डाव्या हाताला फार भाव होता," सासूबाई सांगत. "ड्रायव्हरने त्याला सहा बोटं काढली. मी म्हटलं, राहू दे, कामाला येईल." सून हसायची. ताटं उचलायचं विसरून दोघी बसून राहत.

अशाच एका वर्गात सरांनी, काही वावगं मनात नसताना, विचारलं, "आजी, आज पाठमोऱ्या बसाल का? शालीच्या घड्या छान पडतील."

सासूबाई उठल्या, चपला घातल्या आणि घरी निघून गेल्या.

सुनेला कळलं तेव्हा ती सरांवर चिडली. "ते विचारायला नको होतं तुम्ही."

"मी सगळ्यांनाच विचारतो," सर गोंधळून म्हणाले. "त्यांना वेगळं का काढायचं?"

पुढच्या वर्गाला सासूबाई गेल्या नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाल्या. त्याच्या पुढच्या वेळी मात्र तिच्याआधी तयार होऊन दारात उभ्या होत्या.

त्या दिवशी पियानोची परीक्षा होती. कॉरिडॉरमध्ये मुलं आणि पालक ताटकळत बसले होते. ती केबिनमध्ये गायनवृंदाच्या शिक्षिकेशी हॉलच्या वेळेवरून हुज्जत घालत होती. एवढ्यात बाहेर कोणीतरी मोठ्याने काहीतरी बोललं, एक खुर्ची सरकली, आणि मग एकदम शांतता झाली. ती बाहेर आली. लोक चित्रकलेच्या उघड्या दारासमोरून बाजूला होत होते. एक बाई आपल्या मुलीचा दंड धरून तिला जिन्याकडे ओढत नेत होती.

तिने दारातून आत बघितलं. सासूबाईंनी खुर्ची फिरवून घेतली होती. शाल खाली पडली होती. अंगातले कपडे कमरेपर्यंत उतरवून, दोन्ही हात पुढे घट्ट धरून, त्या वर्गाकडे पाठ करून बसल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. नर्सने नंतर सांगितलं, आजी आल्या, म्हणाल्या 'आज पाठ काढा', आणि सर काही बोलायच्या आत बटणं सोडून बसल्या. सगळ्यांनी पेन्सिली उचलल्या.

उजवा खांदा वर उचललेला. त्याच्याखाली हाडाचा मोठा उंचवटा, त्यावर ताणलेली, पातळ, गोरी कातडी. कणा मानेतून निघून सरळ खाली यायच्या ऐवजी वाट चुकल्यासारखा एकीकडे जाऊन परत फिरलेला. दुसऱ्या बाजूला बरगड्यांखाली खोल सावली. संचालिका म्हणून तिने दार लावायला हवं होतं. सून म्हणून शाल उचलायला हवी होती. ती नुसती उभी राहून बघत होती. नंतर तिला त्याची लाज वाटली, आणि मग वाटली नाही. थोड्या वेळाने तिने आत येऊन दार लावून घेतलं आणि दाराला टेकून, वर्ग संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी फादरनी बोलावलं. आज त्यांचे डोळे उघडे होते.

"फोन आला होता. त्या मुलीच्या आईचा."

"कपड्यांवरून?"

"नाही ना. तसा असता तर मला उत्तर देता आलं असतं." फादरनी टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ केली. "त्या म्हणाल्या, मुलगी घाबरली. असलं काही मुलांच्या नजरेस पडता कामा नये, म्हणाल्या."

"असलं म्हणजे?"

फादर खिडकीकडे बघू लागले. "तुम्हाला समजलंय."

फादर पुढे म्हणाले, "कॉलेजच्या व्यवस्थापक मंडळाची बैठक आहे. मला एकच विचारतील. तुम्ही परवानगी दिली होती का?"

नाही म्हणणं सोपं होतं, आणि खरंही. मग सरांना जाब विचारला गेला असता, किंवा म्हातारीचं डोकं फिरलं म्हणून सोडून दिलं असतं.

"मला कोणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "विचारलं असतं तर मी दिली असती. वर्ग माझा आहे फादर. तसंच सांगा."

मंडळाने प्रार्थनेने बैठक सुरू केली आणि जिवंत माणसाचा वर्ग बंद करून संपवली. पुढचा निर्णय होईपर्यंत चित्रकलेला पुन्हा प्लास्टरचा पाय. कोणी तिला वाईट बोललं नाही. एका सदस्याने तर बाहेर पडताना तिच्या कामाचं कौतुक केलं, आणि तेच तिला जास्त लागलं.

घरी येऊन ती म्हणाली, "मी राजीनामा देते."

"कशासाठी?" सासूबाईंनी विचारलं. "माझ्या पाठीसाठी? या पाठीवर आधीच पुष्कळ ओझं आहे, त्यात तुझी नोकरी नको. तू गेलीस तर ते बेसिन कोण साफ करून घेणार?" आणि मग, "ती बाई काय म्हणाली गं?"

"कपड्यांवरून बोलली. लोकांना काय, निमित्तच हवं असतं."

"तुला खोटं बोलता येत नाही. तुझ्या नवऱ्याला येतं, तुला नाही."

सासूबाईंनी शाल नीट केली.

"शाळेत मला उंट म्हणायचे. आईने आमच्या घरात मोठा आरसा कधी येऊच दिला नाही. लग्न झालं, यांनीही कधी काही विचारलं नाही. भला माणूस होता, अंधारातच भला. तूही इतकी वर्षं डोळे खाली घालून फिरतेस. सगळ्या जगाला माहीत आहे माझी पाठ कशी आहे. मलाच माहीत नाही. त्या मास्तरने विचारलं तेव्हा आधी राग आला. मग वाटलं, इतकी माणसं बसून काढतील, तर एकदाची बघायला तरी मिळेल." त्या जरा हसल्या. "आणि नेमकी चित्रं न दाखवताच सगळे पळाले."

चित्रं वर्गाच्या कपाटात होती. किल्ली तिच्या जुडग्यात. दुसऱ्या दिवशी ती चित्रांची गुंडाळी घेऊन घरी आली. जेवणाचं टेबल पुसून तिने एकेक कागद पसरला. नवराही दुकानातून आलेला होता. तो बाजूला उभा राहिला.

सरांचं चित्र सगळ्यांत सुंदर होतं. प्रकाश मऊ, रेषा मऊ. सासूबाईंनी ते बघितलं आणि बाजूला केलं. "ही कोणीतरी दुसरी बाई आहे. मास्तरने मला लाडाने काढलंय." नर्सच्या चित्रात हाडं अचूक होती, त्यावर त्यांनी मान डोलावली. शेवटी ड्रायव्हरचा कागद आला. खोडून खोडून काळा झालेला, एका ठिकाणी खरोखरच फाटलेला. डोकं फार लहान, खुर्ची वाकडी. पण त्या खुर्चीत ती पाठ होती. जड, तिरपी, अख्ख्या कागदावर पसरलेली. काही लपवलं नव्हतं, काही वाढवलं नव्हतं.

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसावा तसा शालीने पुसला, परत घातला. खूप वेळ बघत होत्या.

"असं आहे तर," त्या म्हणाल्या. आणि मग, "मला वाटलं होतं, याहून वाईट असेल."

नवरा स्वयंपाकघरात गेला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुऊ लागला. सुनेने सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला. शालीवरून का होईना, पण ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

वर्षअखेरीचं प्रदर्शन जवळ आलं होतं. ती फादरकडे गेली आणि ड्रायव्हरचं चित्र लावायचंय म्हणाली. सासूबाईंची परवानगी तिने आधीच घेतली होती. "लावा की, मला कुठे लोक मागून ओळखणार आहेत," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

फादरनी चित्र हातात घेतलं. पुन्हा डोळे मिटले, पण या वेळी बघून झाल्यावर.

"मंडळाने वर्ग बंद केलाय," ते सावकाश म्हणाले. "भिंतीबद्दल काही ठरवल्याचं मला आठवत नाही."

"लोक बोलतील."

"बोलतील. तुमच्याशी नाही, माझ्याशी."

"मग मी तुमच्या शेजारी उभी राहीन."

"उभ्या राहा," फादर म्हणाले. "मला उत्तरं लगेच सुचत नाहीत."

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल गच्च भरला. बहुतेक लोक आपापल्या मुलांची चित्रं शोधत होते. पाठीच्या चित्रासमोर काही जण थांबायचे, खालचं ड्रायव्हरचं नाव वाचायचे, पुढे जायचे. दोन-चार जणांनी भुवया उंचावल्या. फादरकडे कोणी आलं नाही. सासूबाई चित्राच्या बाजूलाच, भिंतीला टेकून उभ्या होत्या. सुरुवातीला घाबरलेल्या, मग वाट बघणाऱ्या, आणि शेवटी चक्क वैतागलेल्या. कोणी ओळखतच नव्हतं. शेवटी त्यांनी एका अनोळखी गृहस्थाला थांबवून सांगितलं, "ही मी."

गृहस्थ चित्राकडे बघून, त्यांच्याकडे बघून म्हणाले, "छान आहे," आणि घाईने सरबताकडे गेले.

सून हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. तिला दिसलं, पियानोवाली ती मुलगी चित्रासमोर येऊन उभी राहिली आहे आणि तिची आई गर्दीतून तिला शोधत येते आहे. ती जवळजवळ धावतच निघाली. पोचली तेव्हा सासूबाई त्या मुलीशी बोलत होत्या. तेरा-चौदा वर्षांची, आडदांड, नखं कुरतडणारी मुलगी.

"तू घाबरली होतीस ना त्या दिवशी?" सासूबाईंनी विचारलं.

"मी नव्हते घाबरले," मुलगी फणकाऱ्याने म्हणाली. "आईच घाबरली. मला तर सगळं बघायचं होतं. माझी परीक्षा राहिली तिच्यामुळे."

तेवढ्यात आई पोचली. तिने चित्र बघितलं, मग सासूबाईंना, आणि तिच्या ध्यानात आलं. चेहरा पडला. "मी... माझा तसा उद्देश नव्हता," ती म्हणाली.

"नसेल," सासूबाई म्हणाल्या. "मलाही माझी पाठ बघायला इतकी वर्षं लागली. तुम्हाला एका दिवसात कसं जमणार?" मग मुलीकडे वळून, "पियानोची परीक्षा परत घेतात का गं, विचार माझ्या सुनेला. तिच्या हातात आहे."

परीक्षा परत घेतली. मुलगी जेमतेम पास झाली. मंडळाने पुढच्या सत्रात चित्रकलेला जिवंत माणूस पुन्हा मंजूर केला, पण अंगभर कपड्यांतला. सर त्यावर आठवडाभर कुरकुरले आणि मग कामाला लागले. संचालिकेने सासूबाईंना पुन्हा बसायला विचारलं. "नको बाई," त्या म्हणाल्या, "बसून बसून कंटाळा आला," आणि मातीकामाच्या वर्गात नाव घातलं. बेसिन पुन्हा तुंबलं.

प्रदर्शन उतरवताना मात्र एक वाद झाला. सासूबाईंना ते चित्र हवं होतं. ड्रायव्हर द्यायला तयार होईना.

"आजी, आयुष्यात माझं पहिलंच चित्र आहे जे जमलंय," तो कागद छातीशी धरून म्हणाला. "हवं तर हुबेहूब दुसरं काढून देतो."

"दुसरं तुला जमणार नाही."

"तेही खरंच."

सून मध्ये पडणार होती, पण पडली नाही.

"ने मग," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "कुठे लावशील?"

"बाहेरच्या खोलीत. आल्या-गेल्याला दिसेल असं."

"बरं आहे," त्या म्हणाल्या आणि सुनेचा हात धरून जिन्याकडे निघाल्या. "आपलीच पाठ आपल्या घरात टांगून काय करायची?"